दमणची वाट आणि आंतरराष्ट्रीय कायद्याचे स्रोत

पोर्तुगाल 14 डिसेंबर 1955 रोजी संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला. 19 तारखेला त्याने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा अधिकार मान्य असल्याचे घोषणापत्र दिले आणि 22 तारखेला भारतावर दावा लावला. एवढ्या घाईचे कारण उघड होते. आदल्या वर्षीच्या जुलै-ऑगस्टमध्ये आझाद गोमंतक दल, युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्स आणि महाराष्ट्रातून गेलेले स्वयंसेवक यांनी दादरा आणि नगर हवेली पोर्तुगीजांच्या ताब्यातून सोडवली होती. या स्वयंसेवकांत संगीतकार सुधीर फडकेही होते. दमणच्या किनाऱ्यावरून या दोन मुलखांकडे जायचे तर भारताच्या हद्दीतूनच जावे लागे आणि भारताने ती वाट बंद केली होती. पोर्तुगालचे म्हणणे होते की या वाटेने जाणे हा आपला हक्क आहे आणि तो भारताच्या मर्जीवर अवलंबून नाही.

हक्क म्हटला की तो कोणत्या कायद्याने दिला हे सांगावे लागते. भारतात एखाद्याने हक्क सांगितला तर आपण अधिनियमाचे नाव आणि कलम विचारतो. दोन सार्वभौम राज्यांच्या वर कायदे करणारी संसद नाही, त्यामुळे तिथे हा प्रश्न अवघड होतो. राज्याराज्यांमधल्या व्यवहाराचे नियमन करणारा हा सार्वजनिक आंतरराष्ट्रीय कायदा येतो कुठून, त्याचे स्रोत कोणते, हे शिकवण्यासाठी दमणच्या या खटल्याइतके सोयीचे उदाहरण मला दुसरे दिसत नाही. पोर्तुगालच्या वकिलांनी जवळजवळ प्रत्येक स्रोताचे दार ठोठावले होते.

स्रोतांची यादी न्यायालयाच्या संविधीच्या कलम 38 मध्ये आहे. राज्यांनी केलेले करार, कायदा म्हणून स्वीकारल्या गेलेल्या प्रथेतून सिद्ध होणारी रूढी, आणि ‘सुसंस्कृत राष्ट्रांनी’ मान्य केलेली कायद्याची सामान्य तत्त्वे हे तीन मुख्य स्रोत. न्यायालयीन निर्णय आणि थोर कायदेपंडितांचे ग्रंथ ही नियम शोधण्याची दुय्यम साधने. हा मसुदा 1920 साली राष्ट्रसंघाने नेमलेल्या विधिज्ञांच्या समितीने केला आणि 1945 साली तो जवळपास जसाच्या तसा उचलला गेला. आपल्याकडे विधी महाविद्यालयांत ही यादी पाठ करून घेतात. ‘स्रोत स्पष्ट करा’ हा परीक्षेतला हमखास प्रश्न, आणि विद्यार्थी उतरत्या क्रमाने उत्तर लिहून मोकळे होतात. पण कलमात असा क्रम कुठेच दिलेला नाही. करार पहिला आहे म्हणून तो रूढीपेक्षा श्रेष्ठ ठरत नाही. प्रत्यक्ष खटल्यात महत्त्व येते ते पुराव्याला. एखादे राज्य या नियमाने बांधले गेले आहे हे कशावरून, असे न्यायाधीश विचारतात आणि प्रत्येक स्रोतासाठी पुराव्याची जात वेगळी असते.

पोर्तुगालने आधी करार पुढे केला, तोही पेशवाईतला. 1779 साली पुण्याच्या दरबाराशी झालेला तह आणि त्यानंतरच्या 1783 व 1785 च्या सनदा. त्यांनुसार दमण परिसरातल्या गावांचा 12,000 रुपये महसूल पोर्तुगीजांना मिळाला होता. पोर्तुगालचा दावा असा की या तहाने गावांचे सार्वभौमत्वच आपल्याकडे आले आणि सार्वभौमत्वाबरोबर तिथे पोचण्याचा हक्कही आला. असा तह रीतसर पुरा झालाच नव्हता, असे भारताने सांगून पाहिले. ते न्यायालयाला पटले नाही. दोन्ही पक्ष तहाप्रमाणे वागले होते, आणि अठराव्या शतकातल्या तहाचे वैधपण नंतरच्या काळात रुळलेल्या कार्यपद्धतीने मोजता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. मात्र तहातून नेमके काय मिळाले या मुद्द्यावर पोर्तुगाल हरले. मराठ्यांनी दिला तो सरंजाम, म्हणजे महसुलाचा हक्क. मुलूख दिला नव्हता. पेशव्यांच्या दरबारात शेकडो सरदारांना असे सरंजाम मिळत आणि त्यांतल्या कोणालाही आपण सार्वभौम झालो असे वाटत नसे. हेगच्या न्यायाधीशांना मराठा राज्याच्या जमीनव्यवस्थेत शिरावे लागले ते असे, आणि माझ्या मते निकालपत्राचा हा भाग इतिहासाच्या अभ्यासकांनीही वाचण्यासारखा आहे.

करारांचा आजचा कायदा 1969 च्या व्हिएन्ना संधीत बांधलेला आहे. ती 1980 पासून अमलात आहे. केलेला करार सद्भावनेने पाळायचा, त्याचा अर्थ शब्द, संदर्भ आणि हेतू एकत्र पाहून लावायचा, हे तिचे गाभ्याचे नियम. वंशसंहार, गुलामगिरी, आक्रमण यांवरच्या बंदीसारखे काही नियम इतके सक्तीचे आहेत की त्यांच्या विरोधात केलेला करार रद्दच ठरतो, हेही तिथेच सांगितले आहे. भारत या संधीचा पक्ष नाही. तरीही 2011 साली परदेशी बँकांतल्या काळ्या पैशाच्या प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने भारत-जर्मनी कराराचा अर्थ लावताना याच संधीचा आधार घेतला, कारण तिच्यातले बरेचसे नियम रूढी म्हणूनही लागू आहेत.

दमणच्या खटल्यातही रूढीनेच निकाल फिरवला. 1818 मध्ये मराठी राज्य बुडाले आणि इंग्रज आले. त्यांना या गावांत पोर्तुगीज अंमल चालू असलेला दिसला. त्यांनी तो हलवला नाही आणि स्वतः सार्वभौमत्वाचा दावाही केला नाही. पुढची सव्वाशे वर्षे दमण आणि या गावांमध्ये साधी माणसे, मुलकी अधिकारी आणि माल बिनदिक्कत ये-जा करत राहिला. न्यायालय म्हणाले की इतका दीर्घ आणि एकसारखा व्यवहार दोन्ही बाजूंनी हक्क-कर्तव्य म्हणूनच स्वीकारला होता. रूढी अनेक देशांत रुजलेली असायला हवी, दोनच राज्यांत ती कशी निर्माण होणार, असा आक्षेप भारताने घेतला होता. दोन राज्यांपुरती स्थानिक रूढी असू शकते, हे त्याला मिळालेले उत्तर आज जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आहे.

सशस्त्र सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रे यांच्या बाबतीत मात्र पुरावा उलटा निघाला. 1878 च्या ब्रिटिश-पोर्तुगीज तहात फौजांना परस्परांच्या हद्दीत शिरण्यावर निर्बंध होते. 1890 साली मुंबई सरकारने तक्रार केली तेव्हा पोर्तुगीज प्रशासनानेच लेखी कळवले होते की आमच्या तुकड्या पूर्वपरवानगीशिवाय ब्रिटिश मुलूख कधीच ओलांडत नाहीत. सत्तर वर्षांनी ते पत्र त्यांच्याच गळ्यात आले. दर वेळी परवानगी मागत असाल तर तो हक्क कसला? 12 एप्रिल 1960 च्या निकालात नागरी ये-जा करण्याचा हक्क 11 विरुद्ध 4 मतांनी मान्य झाला आणि सशस्त्र दलांचा 8 विरुद्ध 7 ने फेटाळला गेला. 1954 साली तणाव असताना वाट बंद करून भारताने आपल्या नियमनाच्या अधिकाराबाहेर काही केले नाही, हे 9 विरुद्ध 6 ने ठरले. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती राहिलेले एम. सी. छगला भारतातर्फे या पीठावर हंगामी न्यायाधीश होते आणि त्यांनी भिन्नमत नोंदवले. भारताची बाजू मांडणाऱ्यांत महान्यायवादी मोतीलाल सेटलवाड होते.

रूढीला दोन अंगे लागतात, राज्यांचे सातत्याचे वर्तन आणि कायदा म्हणून आपण तसे वागतो ही जाणीव. वर्तन दिसते, जाणीव दिसत नाही, आणि सगळी भांडणे तिथे होतात. 1927 च्या ‘लोटस’ खटल्यात फ्रान्सचे म्हणणे होते की खुल्या समुद्रावर टक्कर झाली तर दुसऱ्या देशाच्या जहाजावरच्या अधिकाऱ्यावर राज्ये सहसा खटला भरत नाहीत, म्हणून तुर्कस्तानला तो भरता येत नाही. न्यायालयाने विचारले की ती राज्ये कर्तव्य समजून गप्प राहिली याला पुरावा काय? पुरावा नव्हता. गंमत अशी की फ्रान्स तिथे हरले आणि पुढे राज्यांनी करार करून, आधी 1958 च्या आणि नंतर 1982 च्या सागरी संधीत, नेमका फ्रान्सच्या बाजूचाच नियम घातला. 1969 च्या उत्तर समुद्राच्या खटल्यात डेन्मार्क आणि नेदरलँड्स यांना, एका संधीतला समान अंतराचा नियम रूढी होऊन पश्चिम जर्मनीलाही लागू झाला आहे, हे सिद्ध करता आले नाही. उलट, एखादी रूढी घडत असतानाच सतत विरोध करत राहिलेले राज्य तिच्यातून सुटते, हा विचार 1951 च्या ब्रिटन-नॉर्वे मासेमारी खटल्यात दिसतो. मात्र रूढी पक्की झाल्यावर एखादे राज्य तक्रार करू लागले तर त्याचा उपयोग होत नाही.

भारताला या शास्त्रार्थाची झळ अलीकडेही लागली. अणुप्रसारबंदी करारावर भारताने सही केलेली नाही. पॅसिफिकमधल्या मार्शल बेटांनी, जिथे अमेरिकेने अणुचाचण्या केल्या होत्या, 2014 साली हेगमध्ये दावा लावला की निःशस्त्रीकरणासाठी वाटाघाटी करणे हे आता रूढीनेही बंधनकारक आहे, तेव्हा सही केली नसली तरी भारत बांधील आहे. 2016 मध्ये न्यायालयाने 9 विरुद्ध 7 मतांनी ठरवले की दोन देशांत मुळात वादच उत्पन्न झालेला नव्हता, आणि दावा आत घेतलाच नाही. रूढीचा प्रश्न त्यामुळे तसाच राहिला. मला हा निकाल काहीसा पळवाट काढल्यासारखा वाटतो.

पोर्तुगालचे तिसरे हत्यार होते सामान्य तत्त्वे. चहूबाजूंनी दुसऱ्याच्या जमिनीने वेढलेल्या शेतकऱ्याला वहिवाटीची वाट मिळते. आपल्याकडे 1882 चा सुखाधिकार कायदा आहे, आणि इतर देशांतही अशी तरतूद सापडते. तोच न्याय राज्याला लावा, असा युक्तिवाद होता. त्यासाठी कितीतरी देशांच्या दिवाणी कायद्यांचा तौलनिक अभ्यास न्यायालयापुढे ठेवला गेला. स्थानिक रूढीवर प्रश्न सुटल्यामुळे न्यायालयाने त्यात शिरण्याची गरज नाही म्हटले. या स्रोताचे बहुधा असेच होते. सद्भावना, स्वतःच्या चुकीचा फायदा न घेणे, आधीच्या भूमिकेला नंतर नकार न देणे अशी तत्त्वे निकालपत्रांत येतात, पण फक्त त्यांच्यावर निकाल टेकलेला क्वचित दिसतो. कलमातला ‘सुसंस्कृत राष्ट्रे’ हा शब्दप्रयोग तर साम्राज्यशाहीच्या काळातला आहे. त्यात कोण सुसंस्कृत हे युरोप ठरवत होता. लेबनॉनचे न्यायाधीश फुआद अम्मून यांनी 1969 मध्येच त्याच्यावर कडक टीका केली होती. आंतरराष्ट्रीय विधी आयोगाने 2023 मध्ये पहिल्या वाचनात संमत केलेल्या मसुद्यात ‘राष्ट्रांचा समुदाय’ असे म्हटले आहे. संविधीतले मूळ शब्द मात्र अजून तसेच आहेत.

नियमच सापडला नाही तर काय होते, याचे उदाहरण मराठी वाचकाला चांगले परिचित आहे, पण त्याची कायदेशीर बाजू फार कोणी सांगत नाही. 8 जुलै 1910 च्या सकाळी मार्सेय बंदरात विनायक दामोदर सावरकरांनी ‘मोरिया’ बोटीतून उडी मारली. किनाऱ्यावर फ्रेंच पोलिसाने त्यांना धरले आणि बोटीवरच्या ब्रिटिश पहारेकऱ्यांच्या स्वाधीन केले. फ्रान्सने तक्रार केली आणि प्रकरण हेगच्या लवादाकडे गेले. 24 फेब्रुवारी 1911 चा निवाडा सांगतो की अटक आणि सुपूर्दी यात अनियमितता होती. पण दुसऱ्या राज्याच्या अधिकाऱ्याच्या चुकीमुळे कैदी हाती आला तर तो परत केलाच पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय कायद्याचा कोणताही नियम नाही. नियम नाही म्हणून बंधन नाही, आणि सावरकर ब्रिटनच्याच ताब्यात राहिले. या निवाड्याला अर्थातच बळकटांच्या सोयीचा वास येतो. पण स्रोतांच्या दृष्टीने पाहिले तर लवादापुढे त्या नेमक्या प्रश्नावर करार नव्हता आणि सिद्ध झालेली रूढीही नव्हती.

न्यायनिर्णयांना कलम 38 दुय्यम म्हणते आणि कलम 59 बजावते की निकाल फक्त त्या पक्षांना व त्या खटल्यापुरताच बंधनकारक आहे. व्यवहारात हेगचे न्यायालय स्वतःचे जुने निकाल सोडत नाही आणि वकील त्यांच्यावरच युक्तिवाद रचतात. ग्रंथांचे वजन मात्र पूर्वीइतके राहिलेले नाही.

यादीत नसलेला एक मोठा प्रवाह आहे तो संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या ठरावांचा. ते बंधनकारक नसतात, तरी कायद्याची दिशा बदलतात. डिसेंबर 1960 मध्ये आमसभेने वसाहतमुक्तीचा ठराव क्रमांक 1514 संमत केला आणि दुसऱ्याच दिवशी ठराव 1542 मध्ये पोर्तुगीज मुलखांच्या यादीत गोवा आणि त्याखालचे प्रदेश स्वशासन नसलेले म्हणून नोंदवले. गोवा हा पोर्तुगालचाच प्रांत आहे, हा लिस्बनचा दावा त्याने कोलमडला. वर्षभराने, 18 डिसेंबर 1961 रोजी भारतीय सैन्य गोव्यात असताना, सुरक्षा परिषदेत फौजा मागे घ्यायला सांगणारा ठराव आला. त्याला 7 मते पडली आणि सोव्हिएत नकाराधिकाराने तो पडला. बळाच्या वापरावरची संयुक्त राष्ट्रांच्या सनदेची बंदी एका बाजूला आणि वसाहतवाद हेच सततचे आक्रमण आहे हा भारताचा युक्तिवाद दुसऱ्या बाजूला. भारताची बाजू न्याय्य होती असे मला वाटते, पण तेव्हाच्या कायद्यात ती निःसंदिग्धपणे बसत होती असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पोर्तुगालमध्ये सत्तांतर झाल्यावर, यशवंतराव चव्हाण भारताचे परराष्ट्रमंत्री असताना, 31 डिसेंबर 1974 च्या कराराने पोर्तुगालने गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेली यांवरचे भारताचे सार्वभौमत्व मान्य केले.

आंतरराष्ट्रीय नियम भारतातल्या न्यायालयात कसा पोचतो, हा यापुढचा टप्पा. संविधानाचे अनुच्छेद 51 या कायद्याबद्दल आदर बाळगायला सांगते आणि अनुच्छेद 253 संसदेला करार अमलात आणण्यासाठी कायदा करण्याचा अधिकार देते. गोवा मुक्त झाल्यावर मोन्तेरो नावाच्या धर्मगुरूंनी पोर्तुगीज राष्ट्रीयत्व ठेवले, परवान्याची मुदत संपल्यावरही ते राहिले आणि त्यांच्यावर खटला झाला. गोवा हा लष्करी ताब्यातला प्रदेश आहे, म्हणून चौथ्या जिनिव्हा संधीचे संरक्षण मला आहे, असे त्यांनी सर्वोच्च न्यायालयात म्हटले. 1969 मध्ये न्यायालयाने सांगितले की गोवा भारतात सामील झाला तेव्हाच लष्करी ताब्याची अवस्था संपली. पुढे 1992 मध्ये ‘एम. व्ही. एलिझाबेथ’ प्रकरणात, मार्मागोव्याहून माल घेऊन गेलेल्या परदेशी जहाजावर कारवाई करताना न्यायालयाने भारताने न स्वीकारलेल्या सागरी संधींचाही आधार घेतला, कारण हाताशी 1861 चा विलायती कायदाच होता. 1997 च्या ‘विशाखा’ निकालात स्त्रियांवरील भेदभावाविरुद्धच्या संधीतून कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे निघाली. हे सगळे स्वागतार्ह. पण 1996 च्या ‘वेल्लोर’ निकालात पर्यावरणातले खबरदारीचे तत्त्व रूढी झाल्याचे न्यायालयाने जवळपास गृहीतच धरले. सव्वाशे वर्षांची ये-जा तपासणाऱ्या हेगच्या शिस्तीपुढे ही सैल पद्धत खटकते.

कुलभूषण जाधव खटल्यात ही शिस्त भारताच्या कामी आली. पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयाने या भारतीय नागरिकाला हेरगिरीच्या आरोपावरून एप्रिल 2017 मध्ये फाशीची शिक्षा सुनावली. त्यांना भारतीय वकिलातीशी संपर्क करू दिला नव्हता. भारताचे वकील हरीश साळवे यांनी दावा 1963 च्या वाणिज्यदूत संबंधांवरील व्हिएन्ना संधीपुरताच आखला, कारण भारत आणि पाकिस्तान दोघेही तिच्यातल्या वादांसाठी न्यायालयाचा अधिकार मानून बसले होते. पाकिस्तानने हेरगिरीच्या प्रकरणांना रूढीने अपवाद आहे असे सांगितले, आणि 2008 च्या द्विपक्षीय करारातली सुरक्षेच्या कारणावरची सवलतही पुढे केली. न्यायालयाने संधीचा मजकूर वाचला. त्यात हेरगिरीचा अपवाद नव्हता, आणि नंतरच्या द्विपक्षीय कराराने मूळ संधीतला हक्क कमी होत नाही असे ठरले. 17 जुलै 2019 चा निकाल 15 विरुद्ध 1 मताने भारताच्या बाजूने लागला. मात्र सुटका किंवा शिक्षा रद्द करण्याची भारताची मागणी मान्य झाली नाही. शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करा, तोवर फाशी देऊ नका, एवढाच आदेश होता. त्यासाठी पाकिस्तानच्या संसदेला 2021 मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला.